जमा करायचा चाकू

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर चाकूला तेल दिलं.

संध्याकाळची वेळ होती. ओट्यावर बसलो होतो. आत सून भाकरी थापत होती. माझ्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि हिच्या पुढ्यात चाकू. ही म्हणजे आमची ही. लग्नातल्या उखाण्यात हिचं नाव एकदा घेतलं, नंतर कधी गरज पडली नाही. आता लिहायला बसलो तर नावावर हात जात नाही. म्हणून ही असंच लिहितो. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

हिनं चाकू फरशीवर ठेवला. मी उचलला. पातं फिरतं त्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडला, पातं उघडलं, मिटलं, परत फरशीवर ठेवला. हिनं उचलला, उघडला, कानाजवळ नेऊन मिटला. टक. परत फरशीवर. मग मी. मग ही. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, म्हातारा-म्हातारी सागरगोटे खेळून राहिले.

चाकू हातातून हातात देऊ नये, दिला तर भांडण होतं, असं आमच्याकडे म्हणतात. लोक म्हणतात आणि विसरतात. ही विसरली नाही. मीठ कोणाच्या तळहातावर घातलं नाही, मिरची हातात दिली नाही, सुरी, कात्री, अडकित्ता सगळं खाली ठेवायचं, पुढच्यानं उचलायचं. मी म्हणायचो, "एवढं खाली ठेवून फायदा काय झाला? रोज तर भांडतो आपण."

"हातात दिलं असतं तर किती झाली असती, त्याचा विचार करा," ही म्हणायची.

मग मीही अडकित्ता खालीच ठेवायचो.

त्या संध्याकाळी ही म्हणाली, "आता मोडत नाही वाटतं हा."

"तू मोडला नाहीस तर नाही मोडायचा."

"मी मोडते?"

"मग मी?"

हिनं पदराच्या टोकानं पात्यावरचं जास्तीचं तेल टिपलं. "उद्या जाऊन देऊन येऊ," म्हणाली.

"कुठं?"

"घेतील तिथं."

मग ही आत गेली, भाकरीच्या कडा कच्च्या राहिल्या म्हणून सुनेला बोलली, अर्धी भाकरी खाल्ली आणि अंथरुणावर पडली. झालं एवढंच. मी ते "घेतील तिथं" घेऊन बसलोय तेव्हापासून. त्याचा मतलब काय धरायचा? हिला काही दिसत होतं, की नुसतं आपलं तोंडाला आलं ते बोलली? विचारायचं कोणाला?

चाकूचं आधी सांगतो, नाहीतर कोणाला काही समजणार नाही.

हिचा बाप संस्थानात नाकेदार होता. नाकेदार म्हणजे काही मोठा साहेब नाही, नाक्यावरचा शिपाई. तेव्हा आमच्या बऱ्हाणपूरला इंग्रजाचं राज्य आणि पलीकडं खरगोनच्या अंगाला संस्थानची हद्द. हद्दीवर नाका. गाडी आली की थांबवायची, पोत्याची शिवण थोडी उसवायची, आत काय आहे बघायचं, जकात घ्यायची, जाऊ द्यायची. शिवण उसवायला संस्थानानं त्याला एक चाकू दिलेला. घडीचा, खिशात मावणारा, शिंगाच्या मुठीचा, मुठीच्या टोकाला पितळी टोपी आणि टोपीवर संस्थानची खूण ठोकलेली.

देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं, नाके उठले. वरून हुकूम आला की नाक्याची पाटी काढा, सामान जमा करा. पाटीचे खिळे गंजलेले. हत्यार दुसरं जवळ नव्हतं. हिच्या बापानं चाकूनंच खिळे उचकटले. पाटी निघाली, चाकूचं टोक तुटलं, पातं दाबून धरणारी आतली कमान तुटली, मुठीच्या एका बाजूचं शिंग उडून कुठं पडलं ते सापडलं नाही. आता मोडका चाकू कसा जमा करायचा? म्हातारा म्हणाला, नीट करून आणून देतो. कोणी विचारलंही नसेल त्याला. जे घ्यायला बसले होते त्यांची स्वतःचीच नोकरी राहते की जाते याची बोंब होती. म्हातारा चाकू घेऊन घरी आला, आजारी पडला आणि हिला सांगून मेला की तेवढा चाकू नीट करून सरकारात दे.

एवढी गोष्ट. हजार लोकांच्या घरात सरकारी खुर्च्या असतात, घड्याळं असतात, कोणी झोप घालवत नाही. हिनं मात्र तो चाकू हुंड्यासारखा माझ्या घरी आणला. लग्नात पाच भांडी आली आणि कापडात गुंडाळलेला मोडका चाकू. माझी आई म्हणाली, "नव्या नवरीच्या गाठोड्यात चाकू? ही बाई नांदायला आली की मारायला?"

हिनं खाली बघून सांगितलं, "तो माझा नाही. सरकारी आहे."

आईला जन्मभर वाटत राहिलं की सुनेच्या डोक्यात थोडं हललंय.

आणि हललेलं होतंच, मी खोटं कशाला बोलू? शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत द्यायची नाही, हे सगळ्याच बाया पाळतात. चिमूटभर साखर घालतात, देतात, झालं. ही तसं करायची नाही. वाटी कोणत्या लायकीची आहे, तिच्यात काय शोभेल, याचा विचार करत वाटी महिनाभर आमच्याच फळीवर. एकदा समोरच्या बाईची चाळणी आणली. तिची जाळी एका कडेनं सुटलेली. हिनं कल्हईवाला शोधला, जाळी बसवली, चाळणी घासली, मग तीत काय घालावं म्हणून अडली, कारण चाळणीत घालणार काय? साखर गळून जाते. ती बाई दारात येऊन ओरडायला लागली, "अहो, माझी चाळणी दाबून बसलात का?" शेवटी हिनं चाळणीत केळीची फणी ठेवून दिली. ती बाई केळी घेऊन गेली, पण पुढं कधी काही उसनं दिलं नाही. हिला त्याचं वाईट वाटलं नाही. "दुसऱ्याचं आपल्याकडून जाताना बरं होऊन गेलं पाहिजे," म्हणायची. हे हिचं नेहमीचं बोलणं.

मी मिलमध्ये तेल द्यायच्या कामावर होतो. सांचे म्हणजे माग चालायचे, मी हातात कुप्पी घेऊन फिरायचो. चौथीपर्यंत शिकलो, पण लोखंडाचं थोडं समजत होतं. लग्नानंतर काही दिवसांनी बघतो तर ही चुलीपुढं बसून चाकूला चिंच आणि राख लावून घासतेय. देवाचा तांब्या घासतात तसा. पातं असं चमकलं की तोंड दिसावं. मला दाखवायला फरशीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं पातं लाल. चिंचेनं गंज गेला तसाच दुप्पट आला.

"लोखंड आहे ते, तांबं नाही," मी म्हटलं. "तेल लाव. मी उद्या आणतो."

"मिलचं?"

"मग काय तुपाच्या दुकानातून आणू?"

"मिलचं तेल सरकारी चाकूला लावायचं नाही. एकाचं चोरून दुसऱ्याचं नीट करायचं का?"

मग हिनं घरचं गोडेतेल लावलं, भरपूर. पंधरा दिवसांत ते तेल चिकट होऊन पातं मुठीत असं बसलं की निघेना. मी चिडलो. ही म्हणाली, "चिडून तेल पातळ होत नाही." घासलेटात दोन रात्र बुडवून ठेवला तेव्हा सुटला.

तापीचं पाणी उतरलं तेव्हा आम्ही नदीपलीकडं जैनाबादला गेलो. तिथं एक लोहार होता, बारीक काम करायचा. हिनं चाकू त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. त्यानं सांडशीनं उचलला, इकडून तिकडून बघितला. "याच्यात काही राहिलं नाही ताई. नवं पातं टाकून देतो."

"नवं पातं टाकलं तर चाकू कोणता राहिला?"

"मूठ राहिली ना."

"मूठ अर्धीच आहे. अर्ध्या मुठीला सरकार चाकू म्हणेल?"

लोहार माझ्याकडं बघायला लागला. मी नदीकडं बघत होतो. शेवटी ठरलं की पातं तेच, टोक घासून नवं काढायचं, आतली कमान तेवढी नवी. मी म्हटलं, "कमान नवी चालते का मग?"

"कमान आत असते," ही म्हणाली. "सरकार आत कुठं बघतं?"

लोहार असा हसला की त्याचा भाता थांबला.

त्यानं दगडावर टोक घासायला घेतलं आणि ही पदर पसरून खाली बसली. घासताना जो लोखंडाचा चुरा पडतो तो पदरात झेलायला. लोहार म्हणाला, "ताई, लुगडं खराब होईल." ही म्हणाली, "चुरासुद्धा त्यांचाच आहे." घरी येऊन तो चुरा कागदाच्या पुडीत बांधला. तुटलेलं टोक बापानं जपून ठेवलेलं होतं, तेही त्याच पुडीत. एवढं बघितल्यावर मला वाटायला लागलं की माझी आई बरोबर बोलत होती.

चाकू आता उघडत होता, मिटत होता. मुठीच्या उघड्या बाजूला हिनं कापड शिवून घातलं. पण द्यायचा कुठं? संस्थान गेलं, त्याच्या जागी मध्य भारत नावाचं राज्य झालं. हिचा चाकू त्यांचा. आम्ही मात्र जुन्या मध्य प्रदेशात, आमची राजधानी नागपूर. एका घरात नवरा एका सरकारचा आणि बायकोचा चाकू दुसऱ्या सरकारचा. मी म्हटलं, आपल्या कचेरीत देऊन टाक. ही म्हणाली, "शेजारणीची वाटी तिसऱ्याच बाईला देऊन येऊ का?" म्हणून अडलं.

मग राज्यांची परत मोडतोड झाली. नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं, आम्ही भोपाळखाली आलो आणि मध्य भारतही आमच्यातच आला. मिलमध्ये लोक बोलत होते, मराठी माणूस इकडं अडकला, आता आपलं कसं होणार, पोरांच्या शाळेचं काय होणार. मलाही काही सुधरत नव्हतं. काल नागपूर, आज भोपाळ, माणसानं कोणाला आपलं म्हणायचं? घरी आलो तर ही नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार.

"आता तुमचं आणि माझं सरकार एकच झालं," म्हणाली. "चला."

लग्नात हिच्या तोंडावर एवढा आनंद मी बघितला नव्हता.

कचेरीत गेलो. टेबलामागं एक बाबू बसलेला, वरून आलेला, हिंदी बोलणारा. "क्या काम है?"

"चाकू जमा करायचाय," ही म्हणाली.

बाबूची लेखणी खाली पडली. "किसको मारा?"

मी पुढं झालो. "नाही साहेब, मारलं कोणाला नाही. सरकारी है. इनके बाप के पास था."

बाबूनं हात पुढं केला. "लाओ."

हिनं चाकू टेबलावर ठेवला.

"हाथ में दो."

"हातात देत नाही. उचला तुम्ही."

"अरे, मैं क्यों उठाऊँ?"

"हातात दिला तर भांडण होतं. माझ्या बापाचं सरकारशी कधी वाकडं नव्हतं. मी कशाला करू?"

बाबूला त्यातलं अर्धं समजलं. बाजूच्या टेबलावर एक आपल्यातला म्हातारा कारकून होता. तो म्हणाला, "बाई बरोबर सांगतात, हातात घेऊ नका. आधीच भोपाळवाल्यांशी आपलं कुठं जमतंय?" सगळे हसले. बाबू हसला नाही. त्याचं म्हणणं, मी उचलला म्हणजे मी घेतला, घेतला म्हणजे जबाबदारी माझी, आणि हा चाकू कोणत्या सरकारचा ते मला माहीत नाही. हिचं म्हणणं, मी ठेवला म्हणजे मी दिला. चाकू टेबलावर मधोमध. इकडची उचलेना, तिकडचा उचलेना.

मग हिनं कमरेची पुडी काढली आणि चाकूशेजारी ठेवली.

"ये क्या है अब?"

"चाकूचंच आहे. घासताना निघालेलं."

बाबूनं पुडी उघडली आणि लोखंडाचा चुरा त्याच्या कागदांवर सांडला. त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले आणि साहेबाला बोलवायला गेला.

साहेब तरुण होता. हसतमुख. त्यानं सरळ चाकू उचलला. हिच्या तोंडावर अशी कळा आली की बस, मला वाटलं आता ही रडते. आनंदानं की कशानं, कोण जाणे. साहेबानं पातं उघडलं, बोटानं इकडून तिकडून दाबलं. "यह तो हिलता है," म्हणाला.

"हलतो?"

"देखिए." पातं खरंच थोडं हलत होतं. खिळा ढिला झालेला.

"ठेवा खाली," ही म्हणाली.

साहेबानं ठेवला. हिनं उचलला, कापडात गुंडाळला, सांडलेला चुरा बोटानं गोळा करून पुडीत भरला. "नीट करून आणते," म्हणाली.

"हाँ हाँ, आराम से लाइए," साहेब म्हणाला. सगळ्या कचेरीला सुटल्यासारखं झालं.

मी बाहेर आलो ते मान खाली घालून. एवढं सगळं करून हात हलवत परत. ही पायऱ्या उतरताना हसत होती. बाहेरचं काही न खाणारी ही म्हणाली, "मावा जिलबी घ्या." दोन मोठे वेढे घेतले. हिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून आपला खाल्ला, पाक कोपरापर्यंत ओघळला. मी विचारलं, "काम झालं नाही तर जिलबी कशाची?"

"तुम्हाला नको असेल तर तुमची द्या इकडं," म्हणाली आणि माझ्या हातातली घेतली.

हे मला तेव्हा समजलं नाही, अजूनही पक्कं समजलं नाही. कारण पुढं ऐका.

खिळा घट्ट करणं हे काय मोठं काम नाही. एका रविवारी मी दाराच्या लोखंडी पट्टीवर चाकू ठेवून खिळा ठोकला, पातं हलायचं थांबलं. म्हटलं, उद्या जाऊ. ही म्हणाली, उद्या अमावस्या. मग म्हणाली, पोराला ताप आहे. मग माहेरचं कोणी येणार. आणि मग एक दिवस मी कामावरून आलो तर चाकू फरशीवर, कमान तुटलेली.

"काय झालं?"

"मोडला," ही म्हणाली. दूध उतू गेलं म्हणतात तशा आवाजात. "घासलेटच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं."

आता मला सांगा. घरात उलथनं आहे, खिळा आहे, विळा आहे. शेजारणीच्या चाळणीची जाळी बसवून देणारी बाई झाकण उचकटायला तोच चाकू घेते? ज्या चाकूचा चुरा पदरात झेलला तो? मी म्हटलं, "आण, कमान बसवतो." ही म्हणाली, "घाई कुठं आहे?"

पुढं किती वर्षं चाकू डाळीच्या डब्यात पडून होता. पाहुणे आले की ही माझं गाऱ्हाणं सांगायची, "एवढं मिलमध्ये यंत्राला तेल देतात, पण माझ्या बापाचा चाकू यांच्यानं नीट होत नाही." आणि मी डबा काढला की हिला एकदम काम आठवायचं. जा, दळण आणा. जा, राजघाटावर कोण कीर्तनकार आलाय बघून या. नीट कर म्हणते आणि करू देत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला तो द्यायचा आहे की ठेवायचा आहे?"

"द्यायचाच आहे. आपला आहे का तो?"

"मग?"

"मोडका कसा देणार?"

मला असं वाटतं, चाकू नीट झाला की द्यावा लागला असता, आणि बापाचं हिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ना फोटो, ना पगडी. म्हणून हीच मोडायची. असं मला वाटतं. पण हे मी माझ्या डोक्यानं लावलेलं आहे. कदाचित झाकण खरंच निघत नसेल. मी मोकळ्या डोक्यानं विचार केला की एक वाटतं, आणि हिचा तो दूध उतू गेल्यासारखा आवाज आठवला की दुसरं वाटतं.

या हिवाळ्यात हिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय. एका दुपारी हिनं स्वतः डबा आणला, डाळ ताटात ओतली आणि चाकू माझ्यापुढं फरशीवर ठेवला.

"आता नीट करा. मस्करी नाही."

"दळण आणायचं नाही का?" मी टोमणा मारला.

ही हसली नाही. "बापाला काय सांगू मी?" म्हणाली.

मग मी कामाला लागलो. डोळ्यानं नीट दिसत नाही, बोटानं चाचपून बघायचं. घासलेटात बुडवला, बारीक कानसेनं गंज काढला, पातं राहू दिलं काळंच. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा गॅसवर लाल करून मऊ केला, कमानीसारखा घासला, परत तापवून तेलात विझवला. पहिला तुकडा तडकला. दुसरा फार कडक झाला, पातं उघडताना नख निघालं. ही समोर बसून बघायची. मी कानस मागितली की खाली ठेवायची, मी उचलायचो. तेल मी बाजारातून विकत आणलं आणि बाटलीवरचं दुकानाचं लेबल हिला आधी दाखवलं. हिनं वाचता येत नसताना वाचल्यासारखं केलं.

मुठीच्या एका बाजूला अजून ते कापडच होतं. मी म्हटलं, "लाकडाची बसवू?" ही उठली, आत गेली आणि तिची शिंगाची फणी घेऊन आली. लग्नाच्या वेळची, दात निम्मे पडलेली. फरशीवर ठेवली.

"फणीचा पाठचा भाग जाड आहे. बसेल."

"आणि केस कशानं विंचरशील?"

"राहिलेत कुठं?"

"अगं, पण सरकारी वस्तूत आपली फणी घातली तर चालेल का?" एवढ्या वर्षांचा सूड म्हणून मी विचारलं.

"परत देताना रिकामं देत नाहीत," ही म्हणाली.

मी फणीची पाठ कापली, घासली, खिळे मारून मुठीला बसवली. रंग थोडा वेगळा आहे. एका बाजूनं नाकेदाराचा चाकू, दुसऱ्या बाजूनं हिची फणी. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. तिसरी कमान नीट बसली आणि पातं मिटताना टक असा आवाज आला, तेव्हा हिनं मान वर केली. नाक्यावर असाच वाजायचा म्हणाली. आणि त्या संध्याकाळी आम्ही त्याला तेल दिलं, ते वर सांगितलंच.

सकाळी उजाडलं तरी स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही. ही माझ्याआधी उठणारी. मी हाक मारली, "अगं ए." परत मारली. मग खांद्याला हात लावला. समजलं.

सुनेला उठवलं. ती रडायला लागली, आजूबाजूच्या बाया आल्या, मुलाला फोन लागला, तो निघाला. कोणी मला चहा दिला, तो तसाच राहिला. बाया हिला भिंतीशी निजवून तुळशीचं पान आणायला गेल्या. मी उठून कोनाड्यातला चाकू काढला. उघडला, मिटला. टक. दारातली एक बाई दचकली.

हिच्याजवळ जाऊन बसलो. सवयीनं चाकू फरशीवर ठेवला, हिच्या हाताशी. बसून राहिलो. नंतर लक्षात आलं की उचलणार कोण?

मग मीच उचलला आणि हिच्या हातात दिला. सरळ हातात. बोटं मिटत नव्हती. मी एक एक करून मिटवली आणि वरून माझा हात धरून ठेवला.

सून जवळ आली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, चाकू असा हातात देऊ नये हो."

"मला माहीत आहे," म्हटलं. "तू मध्ये पडू नको. आमचं चाललंय."